पूल करण्याआधी डिस्कलाच विचारा

खानदेशात नवा सर्व्हर येतो तेव्हा त्यातली डिस्क बहुतेक वेळा जुनीच असते. टोमणा मारत नाही, बजेटच तसं असतं. जळगावच्या एमआयडीसीतला डाळ मिलवाला प्रोसेसर, रॅम, यूपीएस या सगळ्याला पैसे मोजतो, आणि डिस्कचा विषय निघाला की म्हणतो, "त्या जुन्या पीसीतल्या दोन पडल्यात ना, त्याच लावून टाका." धुळ्याच्या फोटो स्टुडिओत तऱ्हा तीच, फक्त तिथे डिस्का खोकंभर निघतात. त्यामुळे कोऱ्या डिस्कवर पूल बांधायचं सुख आमच्या वाट्याला कमीच. आधीची पार्टिशनं असलेल्या, कुणाचं तरी काहीतरी पोटात घेऊन बसलेल्या डिस्कांवरच काम करावं लागतं.

नव्या वाचकासाठी एवढंच: एक किंवा अनेक डिस्का, किंवा त्यांची पार्टिशनं, एकत्र घेऊन त्यातून लागेल तशी जागा वाटून देणारी व्यवस्था म्हणजे स्टोरेज पूल. विंडोजमध्ये ती विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून स्टोरेज स्पेसेस या नावाने आहे. लिनक्समध्ये एलव्हीएम, झेडएफएस, बीटीआरएफएस आहेत, व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांना लिबव्हर्टचे पूल आहेत, आणि नेटवर्कवरून फाइली पुरवणाऱ्या, बाजारातल्या नॅसच्या डब्यांत यांतलंच काहीतरी वेगळा रंग लावून येतं.

जळगाव आणि धुळे या दोन गावांत, एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्याने ये-जा करत, हे काम करताना जे पटत गेलं ते खाली मांडतो. माझं म्हणणं थोडक्यात असं की पूल करणारा प्रत्येक प्रोग्रॅम पार्टिशनकडे दोनच तऱ्हांनी बघतो. एक तर आत आहे त्यासकट वापरायला घेतो, नाही तर पुसून नव्याने मांडतो. यातलं काय होणार आहे हे एंटर दाबण्याआधी ज्याला सांगता येत नाही, त्याने एंटर दाबू नये.

१. ‘रिकामी’ हे मालकाचं मत असतं

धुळ्यात आग्रा रोडवरच्या एका स्टुडिओत मालकाने चार टीबीची डिस्क माझ्या हातात देत सांगितलं, "त्यामा काहीच नई शे, भाऊ." तो खोटं बोलत नव्हता. त्याने ती विंडोजच्या पीसीला लावून बघितली होती, आणि विंडोजने ‘डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा’ एवढंच सांगितलं होतं. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून मी तीच डिस्क बघितली तर पार्टिशनचा प्रकार दिसला ‘लिनक्स रेड मेंबर’. म्हणजे ती कधीतरी एका नॅसच्या डब्यात होती, डबा बिघडला, डिस्क काढून खोक्यात गेली आणि आत काय आहे ते घरातले विसरले. केवळ वाचण्यापुरती जोडली तर आत लग्नसराईचे मूळ रॉ फोटो, अल्बम न नेलेल्या गिऱ्हाइकांचेसुद्धा.

विंडोजला जे ओळखता येत नाही त्याला ते ‘रॉ’ म्हणतं किंवा फॉरमॅट करायला सांगतं. लिनक्सचं ईएक्सटी४, एलव्हीएम, नॅसचं रेड, बऱ्याच सीसीटीव्ही डीव्हीआरची स्वतःची मांडणी हे सगळं विंडोजच्या लेखी एकाच मापाचं. त्या खिडकीतल्या ‘फॉरमॅट’ बटणाने आमच्याकडे किती आठवणी गेल्या असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

म्हणून मालकाला विचारून झालं की डिस्कला विचारायचं. लिनक्समध्ये ‘एलएसबीएलके डॅश एफ’ ही आज्ञा प्रत्येक पार्टिशनवरची फाइल सिस्टिम, लेबल आणि ओळखक्रमांक दाखवते. ‘ब्लकआयडी’ तेच दुसऱ्या ढंगात सांगते. तिसरी आज्ञा ‘वाइपएफएस’. हिचं नाव ऐकून लोक घाबरतात, पण कुठलाही पर्याय न जोडता चालवली तर ती काहीही पुसत नाही, पार्टिशनवर कुठल्या कुठल्या सह्या, म्हणजे फाइल सिस्टिम वगैरेंच्या ओळखखुणा, सापडतात त्यांची यादी देते. एकाच पार्टिशनवर जुन्या एनटीएफएसची आणि नंतरच्या एलव्हीएमची अशा दोन सह्या निघाल्या तर त्या डिस्कचा इतिहास समजतो, आणि कामाला घाई करायची नाही हेही समजतं.

तिन्ही आज्ञा गप्प बसल्या तरी मी डिस्क रिकामी धरत नाही. पूर्ण एन्क्रिप्ट केलेलं व्हॉल्यूम कधी कधी निव्वळ गोंधळासारखं दिसतं. तेव्हा सुरुवातीचे काही मेगाबाइट वाचून बघतो. सगळी शून्यं असली तर ठीक.

२. एसडीबी हे डिस्कचं नाव नव्हे

लिनक्स डिस्कांना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी अक्षरं देतं ती डिस्का सापडल्या त्या क्रमाने. आज एसडीबी असलेली डिस्क उद्या एक पेन ड्राइव्ह जास्त लावून मशीन सुरू केलं की एसडीसी होऊ शकते. काल कागदावर लिहून ठेवलेली आज्ञा आज तशीच चालवणं म्हणूनच धोक्याचं. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून एकाच दिवशी घेतलेल्या एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या दोन डिस्का असल्या तर आकारावरूनही काही कळत नाही.

‘डेव्ह’खालच्या ‘डिस्क’ फोल्डरात ‘बाय-आयडी’ नावाचा भाग असतो. तिथली नावं मॉडेल आणि सिरीयल नंबरवरून बनतात आणि मशीन कितीही वेळा सुरू केलं तरी बदलत नाहीत. झेडएफएसचा पूल करताना मी तीच नावं देतो. पुढे एखादी डिस्क मेली की कुठली उपसायची तेही स्टिकर वाचून ठरवता येतं. सावध एका गोष्टीबाबत राहावं: काही यूएसबी डॉक डिस्कचा सिरीयल न दाखवता स्वतःचाच दाखवतात. तेव्हा स्टिकरशी ताळा पडला नाही तर डिस्क सरळ साटा केबलला लावावी.

चुकीच्या ठिकाणी बरोबर आज्ञा चालवण्याचं जगभर गाजलेलं उदाहरण प्रोग्रॅमांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीचं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथला एक इंजिनियर दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं करायला गेला आणि आज्ञा चालली मुख्य सर्व्हरवर. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी उडाले होते. बॅकअपच्या वेगवेगळ्या सोयी कागदावर होत्या, पण वेळेला त्या कामी आल्या नाहीत. वाचवलं ते साधारण सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एलव्हीएमच्या स्नॅपशॉटने. त्या सहा तासांतला डेटा गेलाच. कंपनीने ही सगळी हकीकत स्वतःहून जाहीर केली, याबद्दल मला त्यांचा आदर आहे. आमच्या गावांत अशी हकीकत चहाच्या टपरीपलीकडे जात नाही.

३. कुठली आज्ञा ‘घेते’ आणि कुठली ‘मांडते’, हे पाठ असावं

या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्याकडे आलेली बरीच प्रकरणं इथली.

लिबव्हर्टचं उदाहरण घेऊ. जळगावात एका कार्यालयात जुन्या टॉवरवर व्हर्च्युअल मशीनं चालवायची होती, आणि दुसऱ्या डिस्कच्या पार्टिशनवर आधीच्या मशीनांच्या इमेज फाइली होत्या. अशा वेळी ‘एफएस’ प्रकारचा पूल करतात. ‘पूल-डिफाइन’ फक्त नोंद करतं, डिस्कला हातही लावत नाही. ‘पूल-बिल्ड’ पर्यायाशिवाय चालवलं तर माउंट करायची जागा तयार होते, बस. ‘पूल-स्टार्ट’ने पार्टिशन माउंट होतं आणि जुन्या इमेज जशाच्या तशा पूलमध्ये दिसू लागतात. पण ‘पूल-बिल्ड’ला ‘ओव्हरराइट’ जोडलं की त्याच पार्टिशनवर नवी फाइल सिस्टिम घातली जाते. ‘नो-ओव्हरराइट’ जोडलं तर आत आधीची फाइल सिस्टिम नाही याची खात्री करूनच फॉरमॅट होतं, असेल तर काम नाकारलं जातं. पूल एकच, पार्टिशन एकच, पण शेपटीला लावलेल्या एका शब्दावर सगळं अवलंबून.

‘डिस्क’ प्रकारच्या पूलला अख्खी डिस्क लागते, आणि त्याचं ‘बिल्ड’ म्हणजे नवा पार्टिशन टेबल. ‘लॉजिकल’ प्रकारात ‘बिल्ड’ म्हणजे एलव्हीएमची मांडणी. व्हॉल्यूम ग्रुप आधीच तयार असेल तर ‘बिल्ड’ करायचंच नसतं, नाव देऊन सुरू करायचं. आणि तुम्हाला डेटा असलेल्या पार्टिशनमधली फक्त थोडी जागा हवी असेल तर या कशाच्याच नादी लागू नका. त्या पार्टिशनवर एक फोल्डर करा आणि ‘डिर’ प्रकारचा पूल त्या फोल्डरवर उभा करा. फाइल सिस्टिमला धक्काही लागत नाही. गिऱ्हाइकाला हे फारसं भारी वाटत नाही, पण मला रात्री झोप लागते.

मोडण्याच्या आज्ञांचा घोळ आणखी वेगळा. लिबव्हर्टमध्ये ‘पूल-डिस्ट्रॉय’ म्हणजे पूल बंद करणं. डेटा जागेवर राहतो, पुन्हा ‘स्टार्ट’ केलं की सगळं हजर. ‘पूल-अनडिफाइन’ नोंद विसरतं. खरं नुकसान करणारी आज्ञा ‘पूल-डिलीट’. आता हाच माणूस झेडएफएसकडे वळला आणि तिथे ‘झेडपूल डिस्ट्रॉय’ निव्वळ बंद करण्याच्या समजुतीने चालवलं, तर पूल खरोखर मोडतो. लगेच लक्षात आलं आणि डिस्कांवर दुसरं काही लिहिलं गेलं नाही तर ‘झेडपूल इम्पोर्ट’ला मोठा डी जोडून तो बहुधा परत आणता येतो. पण त्या ‘बहुधा’वर कुणाच्या लग्नाचे फोटो सोपवू नयेत. झेडएफएसचा पूल एका मशीनवरून काढून दुसरीकडे न्यायचा असेल तर आज्ञा ‘एक्स्पोर्ट’ ही.

झेडएफएसला अख्खी डिस्क दिली की ते तिच्यावर स्वतःचा नवा पार्टिशन टेबल लिहितं. पार्टिशन दिलं तर तेवढ्यातच राहतं. म्हणजे ‘एसडीबी२’ लिहायचं ते ‘एसडीबी’ लिहिलं, शेवटचा आकडा राहिला, की शेजारचं पहिलं पार्टिशनही गोत्यात. विंडोजच्या स्टोरेज स्पेसेसमध्ये तर पार्टिशन देण्याची सोयच नाही. ते अख्खी डिस्क घेतं, आणि तिच्यावर डी आणि ई असे दोन ड्राइव्ह असतील तर दोन्ही जातात. पडद्यावर तशी सूचना येते. ती वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय.

एलव्हीएमची ‘पीव्हीक्रिएट’, बीटीआरएफएसची ‘डिव्हाइस ॲड’, नॅसच्या डब्यातलं ‘क्रिएट स्टोरेज पूल’ ही सगळी ‘मांडणारी’ जमात. नॅस बदलताना आधीचा पूल असलेल्या डिस्का नव्या डब्यात घातल्या तर मेनूत ‘क्रिएट’ शोधू नये, ‘इम्पोर्ट’ किंवा ‘मायग्रेट’ शोधावं. नाही सापडलं तर डिस्का बाहेर काढाव्यात.

४. प्रोग्रॅम अडतो तेव्हा तो तुमच्या बाजूने असतो

‘पीव्हीक्रिएट’ला पार्टिशनवर ईएक्सटी४ सापडली तर ती विचारते: १०८० या ठिकाणी ईएक्सटी४ची सही आहे, पुसू का? हो की नाही? ‘झेडपूल क्रिएट’ आणि ‘डिव्हाइस ॲड’ अशाच अडून बसतात आणि जबरदस्ती करायची असेल तर ‘डॅश एफ’ जोडा म्हणतात. यूट्यूबवरच्या शिकवणीत हे ‘डॅश एफ’ पहिल्यापासूनच आज्ञेत टाकलेलं असतं, कारण शिकवणाऱ्याची डिस्क खरंच रिकामी असते. आमची नसते.

व्हर्च्युअल मशीन चालवायच्या प्रॉक्समॉक्समध्ये झेडएफएस किंवा एलव्हीएम तयार करायला गेलं की यादीत फक्त न वापरलेल्या डिस्का येतात. हवी ती डिस्क दिसत नाही म्हणून लोक चिडतात, ‘वाइप डिस्क’चं बटण शोधतात आणि मग ती दिसते. न दिसणं हाच निरोप होता. ‘झेडपूल क्रिएट’ला लहान ‘एन’ जोडला तर पूल कसा बनेल एवढंच दिसतं, डिस्कवर काही लिहिलं जात नाही. मी आधी तसंच चालवतो, मालक शेजारी असेल तर मुद्दाम.

५. केसिंगमधून काढलेली डिस्क वेगळं बोलते

दोन टीबीपेक्षा मोठ्या काही जुन्या यूएसबी हार्ड डिस्कांचं केसिंग आतल्या डिस्कचे ५१२ बाइटचे सेक्टर कॉम्प्युटरला ४०९६ बाइटचे म्हणून दाखवत असे. पार्टिशन टेबल त्याच मापाने लिहिलेला. केसिंगचा केबल लावायचा पॉइंट तुटला म्हणून डिस्क बाहेर काढली आणि थेट साटाला लावली की तेच आकडे आठपट चुकीच्या जागी बोट दाखवतात. पार्टिशन दिसत नाही, आणि विंडोज डिस्क ‘इनिशिअलाइज’ करायला सांगतं. डेटा पूर्ण शाबूत असतो. तशाच प्रकारचं दुसरं केसिंग मिळवावं, किंवा लिनक्समध्ये योग्य जागा मोजून पार्टिशन वाचण्यापुरतं जोडावं. अशी डिस्क ‘कोरी निघाली’ म्हणून पूलमध्ये टाकण्याची घाई मी एका दुकानात बघितली आहे. घाई थांबली ती तिथे कामाला असलेल्या पॉलिटेक्निकच्या मुलामुळे, माझ्यामुळे नव्हे. तोडलेल्या केसिंगवरचं लेबल त्याने आधी वाचलं होतं.

६. पार्टिशन टेबलची नक्कल

काही केबींची फाइल असते. ‘एसएफडिस्क’ला लहान ‘डी’ जोडून पार्टिशनांचा नकाशा एका मजकुराच्या फाइलीत काढून घ्या आणि स्वतःच्या मोबाइलवर पाठवा. ‘वाइपएफएस’ने सही पुसायची असेल तर ‘बॅकअप’चा पर्याय जोडा, म्हणजे पुसलेले बाइट वेगळ्या फाइलीत राहतात. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही, करून टाकावं.

७. कॉपी झाली म्हणजे पोचली असं नाही

जागा कमी असते तेव्हा सरकवासरकव करावी लागते. नेहमीचा डाव असा: दोन डिस्का आहेत, एक भरलेली, एक रिकामी. रिकामीवर एका डिस्कचा झेडएफएस पूल करायचा, भरलेलीतला माल त्यात आणायचा, मग भरलेली डिस्क ‘अटॅच’ करून पूलचा आरसा करायचा, म्हणजे दोन्ही डिस्कांवर तोच माल. डाव चांगला आहे. पण ‘अटॅच’ केल्या क्षणी जुन्या डिस्कवरचा माल संपतो आणि आरसा पूर्ण होईपर्यंत सगळं एकाच डिस्कवर असतं. तेव्हा तिसरी प्रत हवीच, मग ती शेजारच्या दुकानातून दोन दिवसांसाठी आणलेल्या डिस्कवर का असेना. आणि ‘अटॅच’च्या जागी चुकून ‘ॲड’ लिहू नये. त्याने आरसा होत नाही, पूलला दुसरं तोंड फुटतं, आणि दोनपैकी कुठलीही डिस्क गेली की पूल गेला.

कॉपी तपासताना आकाराचा ताळा पुरेसा नसतो. ‘आरसिंक’ पुन्हा एकदा चेकसमसह, काहीही न लिहिता, नुसतं फरक दाखवण्यापुरतं चालवतो. त्यात रात्र जाते, जाऊ द्यावी.

मराठी माणसाला इथे एक खास खड्डा आहे, इंग्रजी पुस्तकं त्याचा उल्लेख करत नाहीत. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये फाइलीचं नाव २५५ अक्षरचिन्हांचं असू शकतं. लिनक्सच्या ईएक्सटी४मध्ये मर्यादा २५५ बाइटची आहे. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, म्हणून फरक पडत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘श्री’ लिहायला श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हं म्हणजे १२ बाइट लागतात. म्हणजे नाव ८५ चिन्हांच्या आत बसायला हवं. आता आपल्या कार्यालयांतली फाइलींची नावं आठवा: मौजे अमुक, तालुका तमुक, गट नंबर इतका, मधील विहिरीच्या नोंदीबाबत श्री. फलाणा यांचा दिनांक इतक्याचा अर्ज, सुधारित, अंतिम, अंतिम दोन. हे ८५ चिन्हांत मावत नाही. कॉपी करणारा प्रोग्रॅम ‘नाव फार लांब’ म्हणून त्या फाइली सोडून पुढे जातो, आणि हजारो ओळींच्या नोंदीत तो निरोप बुडून जातो. मूळ पार्टिशन पूलमध्ये गेल्यावर महिन्याभराने कुणाला तरी नेमका तोच अर्ज हवा असतो. म्हणून नोंद फाइलीत काढायची, त्यातल्या चुका वेगळ्या करून वाचायच्या आणि लांब नावं आधी आखूड करायची.

आणि ‘डेटा डी ड्राइव्हला आहे’ यावर विसंबू नये. टॅलीचा डेटा कित्येकदा सीच्याच पोटात असतो. जुन्या छापखान्यांत श्रीलिपीचे किंवा आयएसएमचे फाँट सीमधल्या विंडोजमध्ये असतात. पेजमेकरच्या फाइली डीवर वाचल्या आणि फाँट गेले तर लग्नपत्रिकेच्या जागी अगम्य चिन्हांची रांग उरते.

८. मे महिना आणि महावितरण

दोन टीबी माल सेकंदाला १५० एमबीने कॉपी झाला तर पावणेचार तास लागतात, आणि छोट्या फोटोंच्या बाबतीत तेवढा वेग मिळतच नाही. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५च्या आसपास असतो. बहुतेक हार्ड डिस्कांची चालू असतानाची मर्यादा ६० अंश. बंद खोलीत, पंख्याखाली उघड्या टेबलावर ठेवलेली डिस्क तिथवर पोचायला फार काळ लागत नाही. उन्हाळ्यात हे काम मी संध्याकाळी सातनंतर धरतो. आधी डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती ‘स्मार्ट’ची नोंद बघतो; वाचायला अडखळणारे सेक्टर असतील तर पूलचा विषयच बंद, आधी ‘डीडीरेस्क्यू’ने पूर्ण डिस्कची इमेज.

यूपीएसची बॅटरी मोजून घेतल्याशिवाय जागेवरच रूपांतर करणारं काहीही सुरू करत नाही. पार्टिशन सरकवणं, ‘बीटीआरएफएस-कन्व्हर्ट’ वगैरे कामं अर्ध्यावर लाइट गेली तर फार महागात जातात. धुळ्यात वादळी पाऊस झाला की लाइट कधी परत येईल ते महावितरणलाही सांगता येत नाही.

९. घडलंच, तर हात आवरा

"भाऊ, समदं गयं का?" हा प्रश्न फोनवर येतो तेव्हा माझं उत्तर एकच असतं: मशीन बंद करा, वायर काढा, दुसरं काही करू नका.

पूल तयार झाला म्हणून सगळा डेटा त्या क्षणी पुसला जात नाही. एलव्हीएम आपलं लेबल साधारण दुसऱ्या सेक्टरमध्ये आणि बाकी नोंदी पहिल्या मेगाबाइटच्या आसपास लिहितं. लिनक्सच्या रेडचा आजचा नेहमीचा नमुना सुरुवातीपासून चार केबींवर बसतो. झेडएफएस २५६ केबींची चार लेबलं लिहितं, दोन पुढे, दोन मागे. ईएक्सटी४ची मुख्य नोंद १०२४ बाइटांवर असते, म्हणून पहिला घाव तिलाच बसतो. पण तिच्या नकला पुढे ठिकठिकाणी असतात, चार केबींचे ब्लॉक असतील तर पहिली ३२७६८व्या ब्लॉकवर. फिरत्या डिस्कवर एवढ्यावरच थांबलेलं असेल तर बरंच काही परत मिळतं. मिळत नाही ते पुढच्या अर्ध्या तासातल्या खटपटीमुळे: पूलमध्ये फाइली टाकून बघणं, पुन्हा फॉरमॅट, नेटवरून रिकव्हरीचा प्रोग्रॅम त्याच डिस्कवर उतरवणं.

आधी दुसऱ्या डिस्कवर इमेज, मग त्या इमेजवर प्रयोग. ‘टेस्टडिस्क’ हरवलेली पार्टिशनं शोधतं, ‘फोटोरेक’ फाइली त्यांच्या आकृतिबंधावरून उचलतं. दोन्ही फुकट आहेत. मात्र फोटोरेकला फाइलीचं नाव आणि फोल्डर मिळत नाही. हजारो फोटो आकड्यांच्या नावाने येतात आणि कुठली हळद कुणाची ते स्टुडिओवाल्याला चेहऱ्यांवरून लावत बसावं लागतं.

एसएसडीचं मात्र वेगळं. ‘एमकेएफएस’ने ईएक्सटी४ घालताना एसएसडीला आधी ‘ही सगळी जागा आता नको’ असं कळवलं जातं. त्यानंतर त्या जागेतून बहुतेक वेळा शून्यंच वाचायला मिळतात. अशा वेळी मी गिऱ्हाइकाला आशा लावत नाही आणि रिकव्हरीचे पैसेही घेत नाही.

१०. कशाचं मूळ दुसरीकडे आहे, हे आधी ठरवा

धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे. दोन्हीकडे जुन्या हस्तलिखितांचा ठेवा. जळगावात जैन हिल्सवर २०१२ साली सुरू झालेलं गांधीतीर्थ आहे. अशा ठिकाणच्या स्कॅन केलेल्या प्रती कितीही मोलाच्या असल्या तरी कागद शाबूत आहे तोवर स्कॅन पुन्हा करता येतो. कष्ट पडतील, खर्च होईल, पण येतो. डिजिटल कॅमेऱ्यातून निघालेल्या लग्नाला असा कागद नाही. पतपेढीच्या व्यवहारांनाही आता बहुतेक ठिकाणी खातेवही नाही. पूल बांधताना कुठली डिस्क सगळ्यात शेवटी हातात घ्यायची हे मी यावरून ठरवतो, फाइली किती मोठ्या आहेत यावरून नाही.

पूलमधला आरसा हा बॅकअप नव्हे, हे सांगून सांगून जीभ झिजली. चुकून डिलीट केलेली फाइल आरसा दोन्ही डिस्कांवरून इमाने डिलीट करतो.

११. कागद आणि मालक

काम सुरू करण्याआधी एक कागद करतो. कुठल्या सिरीयलची डिस्क, तिच्यावरच्या कुठल्या पार्टिशनवर काय सापडलं, यातलं काय जाणार आणि काय राहणार. सिरीयल नंबर मी वाचत नाही, मालकाला वाचायला लावतो, मी पडद्यावर बोट ठेवून जुळवतो. चष्मा शोधायला पाच मिनिटं जातात. याच पाच मिनिटांत लोकांना आठवतं, की हिच्यात मुलीची दहावीची प्रमाणपत्रं होती, सोसायटीचं जुनं ऑडिट होतं. मग खाली सही.

पहिल्यांदा आलेले शेठ लोक या कागदावर हसतात, पतपेढीवाले हसत नाहीत. तपासणीचा आणि कागदाचा आकार मी बिलात वेगळ्या ओळीत लावतो, आणि त्या ओळीवर घासाघीस चालत नाही. बाकीच्या ओळींवर चालते.